मुलीकडे कायमचं जावं, की नव्या साहेबांच्या हाताखाली दोन वर्षं थांबावं?

जमाखर्च
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका मध्यम कारखान्यात हिशेब खातं सांभाळतो. येत्या मार्चात साठ पूर्ण, म्हणजे नियमाने निवृत्ती. एकुलती एक मुलगी मेलबर्नला, तिथली नागरिक झाली आहे. ती आणि जावई म्हणतात, आता दोघंही कायमचे या. बायको मनाने अर्धी पोहोचलीच आहे. लक्ष्मीनगरचा फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा, यावर घरात रोज चर्चा चालते.

गुंता असा की आमच्या जुन्या मालकांनी कारभार सोडला आणि बाहेरून नवे एमडी आणले. वय पंचेचाळीसच्या आसपास, मोठ्या संस्थेत शिकलेले. आल्या आल्या त्यांनी गाडीची राखीव जागा रद्द केली, कॅन्टीनमध्ये रांगेत उभे राहून ताट घेतात, शिपायालाही 'अहो' म्हणतात. सगळा कारखाना म्हणतो, काय नम्र माणूस आहे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, 'दोन वर्षं सल्लागार म्हणून थांबा, मला इथलं काही कळत नाही, तुमच्याकडून शिकायचं आहे.'

तर प्रश्न दोन. या वयात परदेशी कायमचं जाणं कितपत झेपतं? आणि वरच्या खुर्चीतला माणूस खरोखर नम्र आहे की तसा दिसतो आहे, हे ओळखायचं कसं? दुसऱ्याच्या उत्तरावर पहिल्याचं उत्तर बरंच अवलंबून आहे.

बर्डीवाली
रुमाल टाकून ठेवते. आमच्या घरी हाच विषय चालू आहे, फक्त देश कॅनडा.

वऱ्हाडी_ठेचा
काका, काहून जाऊन राहिले तिकडं? इथं सकाळी उठा, फुटाळ्यावर चक्कर मारा, येतायेता तर्री पोहे हाना, दुपारी झोपा. तिकडं जाऊन करसान काय? नातवाले शाळेतून आनान अन् भांडे मशीनमंधी लावसान. पोट्टी येते ना वर्सातून एकदा, झालं तं मंग. अन् साहेबाचं म्हनान तं, कॅन्टीनच्या लाइनीत उभं राह्याले काय लागते? तिथं तं फोटोबी भेटते.

मेलबर्नची_मावशी
ठेचाभाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, पण आधी व्हिसाचं बोलू. लोक विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात आणि गाडी अडते कागदांवर.

निवृत्त लोकांसाठी ऑस्ट्रेलियाचा वेगळा व्हिसा होता, तो २०१८ मध्ये नव्या अर्जदारांना बंद झाला. आता वाट मुलांमार्फतच. त्यात एक अट अशी की तुमची निम्मी तरी मुलं इथे स्थायिक हवीत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा इथे जास्त हवीत. एकुलती एक मुलगी आहे, तेव्हा तुमचं हे गणित सुटलं. पुढचं अवघड आहे. कायमच्या व्हिसाचे दोन मुख्य प्रकार. साधा घेतला तर प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे नव्वदीत बॅग भरायची. पैसे भरून मिळणारा, ज्याला १४३ म्हणतात, त्याला माणशी जवळपास पन्नास हजार ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात आणि त्याचीही रांग डझनभर वर्षांच्या पुढे गेली आहे. शिवाय मुलीला हमीदार व्हावं लागतं.

मधला मार्ग ८७० क्रमांकाचा. तीन किंवा पाच वर्षांचा, एकूण दहा वर्षांपर्यंत. पाच वर्षांची फी माणशी बारा हजार डॉलरच्या आसपास. यात नोकरी करता येत नाही आणि सरकारी मेडिकेअर नाही, खासगी आरोग्य विमा स्वतःचा. गुडघा बदलायचा असेल तर नागपुरात बदलूनच या, हे मी गमतीने म्हणत नाहीये.

तेव्हा 'कायमचं जावं का' हा प्रश्न आजच्या घडीला तुमच्या हातात नाहीच. अर्ज टाकून ठेवा आणि दरम्यान ये-जा करा.

बर्डीवाली
कॅनडाचा सुपर व्हिसा बरा म्हणायचा मग. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. विमा मात्र किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा दाखवावा लागतो. सासऱ्यांना बीपी आणि शुगर दोन्ही, त्यामुळे विम्याचा हप्ता ऐकून ते म्हणाले, एवढ्यात तर मी रामटेकला बंगला बांधीन.

धंतोलीचा_सीए
पैशाचं थोडं. कायमच्या इराद्याने देश सोडलात की इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयांचं खातं, करावं लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना अनिवासी माणसाला उघडता येत नाही. तिची ३० लाखांची मर्यादा वापरायची असेल तर इरादे आणि तारखा नीट जुळवा. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. फ्लॅट विकून पैसा एनआरओमध्ये आला तर वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर नेता येतो. तेवढा कुणाचाच नसतो, पण पैसा बाहेर पाठवताना कराचे फॉर्म सहसा भरावे लागतात.

लोक जिथे हमखास फसतात ते वेगळंच. वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलं की करासाठी अनिवासी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण जाण्याच्या वर्षात १८२ दिवसांची सवलत नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला असते, मुलीकडे जाणाऱ्या निवृत्ताला नाही. त्याला त्या वर्षी साठ दिवस आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस हा दुसरा निकष लागतो, आणि जन्मभर नागपुरात राहिलेला माणूस त्यात बसतोच, म्हणजे निवासी ठरतो. म्हणून आर्थिक वर्षाच्या मध्यावर निघणाऱ्याने आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

कृपा करून शेती असेल तर घाईने विकू नका. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचा दर्जा) झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र ठेवता येते.

पुणेरी_पाटी
ऑस्ट्रेलियाच का? थायलंड बघा. पन्नाशीच्या पुढच्यांना निवृत्तीचा व्हिसा मिळतो, बँकेत आठ लाख बात किंवा महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवायचं. पोर्तुगालचा डी७ तर तिथल्या किमान वेतनाइतक्या पेन्शनवर मिळतो, २०२५ ला ते ८७० युरो होतं.

वऱ्हाडी_ठेचा
पाटीसाहेब, पोट्टी मेलबर्नले अन् मायबाप बँकॉकले! मस्त हाय तुमचं.

पुणेरी_पाटी
पर्याय सांगितला. थायलंडात दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, स्वतः गेलात तर तेवढंच फिरणं होईल. (हलके घ्या.)

जमाखर्च
मावशी, सीएसाहेब, फार उपयोगी माहिती. बायकोला वाचून दाखवली, ती 'नव्वदीत बॅग' वर अडकली आहे. पण दुसऱ्या प्रश्नाकडे ठेचाभाऊ सोडून कुणी पाहिलंच नाही.

हिंगणा_एमआयडीसी
मी बघतो. माझं लहानसं वर्कशॉप आहे, चार-पाच मोठ्या कारखान्यांना सुटे भाग देतो. मालक लोकांचं वागणं आम्हा पुरवठादारांना खालून दिसतं, त्यामुळे जरा जास्तच स्पष्ट दिसतं.

एका कंपनीचे साहेब खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की सर्वात जुन्या कामगाराच्या पाया पडायचे. डोळ्यांत पाणी यायचं बघणाऱ्याच्या. त्याच कंपनीकडे माझं बिल सहा-सहा महिने पडून असायचं. फोन केला की अकाउंटंट म्हणायचा, साहेब फार चांगले आहेत, तेवढी सही राहिली आहे. दुसरे एक साहेब तोंडाचे अत्यंत फाटके. माझ्यासमोर माझाच माल टेबलावर आपटून 'हा काय कचरा आणला' म्हणाले. पण चूक त्यांच्याच ड्रॉइंगची निघाली तेव्हा मला बोलावून, ज्या दोन इंजिनिअरांसमोर बोलले होते त्यांच्याचसमोर सांगितलं, 'ड्रॉइंग आमचं चुकलं, आधीच्या मालाचेही पैसे लावा.' पैसे आठवड्यात आले.

आता लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत दिली नाहीत तर तो खर्च पैसे देईपर्यंत करात वजा मिळत नाही, आयकराचं ४३बी(एच) कलम आलं तेव्हापासून बरेच जण अचानक सभ्य झाले आहेत. पण जमाखर्च काका, तुम्ही तर हिशेब खात्यात आहात. बिलं किती दिवसांनी सुटतात आणि पीएफचं चलन पंधरा तारखेच्या आत भरलं जातं की नाही, हे तुमच्याच संगणकात आहे. आम्हाला काय विचारता!

बर्डीवाली
खिक्. शेवटच्या ओळीला शंभर मार्क.

पुणेरी_पाटी
हिंगणासाहेब, पटलं, पण तुम्ही प्रामाणिकपणा आणि नम्रता एकत्र करताय. वेळेवर पैसे देणारा माणूस महाअहंकारी असू शकतो. आणि साधी राहणी ही तर तिसरीच गोष्ट. आपल्याकडे अब्जाधीश इकॉनॉमी क्लासने गेला, स्वतःचं ताट विसळलं की लगेच आरती. साध्या राहणीबद्दल नारायण मूर्तींचं कौतुक होतं तेही योग्यच, पण तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं त्यांनी २०२३ मध्ये म्हटलं तेव्हा त्याच लोकांनी कपाळावर हात मारला. माणूस तोच होता. साधेपणा स्वतःपुरता असतो, नम्रतेत समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

रामटेककर
इस्रोचा किस्सा सगळ्यांना माहीत असेल, तरी टाकतो. १९७९ मध्ये एसएलव्ही-३ हे यान समुद्रात पडलं तेव्हा पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि जबाबदारी अंगावर घेतली. १९८० च्या जुलैत तेच यान यशस्वी झालं तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख कलामांना पुढे पाठवलं. माझ्या लेखी कसोटी एवढीच. अपयशाच्या दिवशी साहेब कुठे उभा असतो?

पुणेरी_पाटी
हा किस्सा इतक्या ट्रेनिंगमध्ये ऐकलाय की आता साहेब लोकांनाही पाठ झालाय. आमच्याकडे एकाने स्लाइडवर लावला होता आणि त्याच आठवड्यात रखडलेल्या प्रोजेक्टचं खापर दोन ट्रेनी पोरांवर फोडलं.

महालातला_जुना
उदाहरणं श्रीहरिकोट्याहून कशाला आणता, नागपुरातच आहेत. एम्प्रेस मिल. १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथे. दलदलीच्या जागेत भराव टाकायला लागले तेव्हा इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, म्हणाला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय. पुढे त्यानेच कबूल केलं की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं.

माझा मुद्दा सोन्याचा नाही. मिलच्या कारभारासाठी त्यांनी बेझनजी मेहतांना नेमलं. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यातले, कापडाचा अनुभव शून्य. आणि सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली घेतलेली होती, माल चांगला निघेना. ती काढून नवी बसवली गेली. आपणच घेतलेली यंत्रं आपणच मोडीत काढायची आणि नवख्या माणसाला मोकळीक द्यायची, याला छाती लागते. १८८६ मध्ये मिलने पेन्शन फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कायदा यायच्या कितीतरी आधी.

२००२ मध्ये मिल बंद पडली आणि आता तिथे मॉल आहे. माझे आजोबा आणि वडील दोघे तिथलेच. मॉलमध्ये गेलो की कुठे साचेखातं होतं ते शोधत बसतो, नातवंडं कंटाळतात.

हिंगणा_एमआयडीसी
सुंदर माहिती. पण जुनेसाहेब, पेन्शन फंड ही नम्रता की धंद्याचा हिशेब? तेव्हा नागपुरात मजूर टिकतच नव्हते, गैरहजेरी प्रचंड. माणसं धरून ठेवायला काहीतरी करणं भाग होतं.

महालातला_जुना
दोन्ही असेल. बाकीच्या मिलवाल्यांनी गैरहजेरीवर दंड लावले. यांनी आधी विचारलं की माणूस येत का नाही. फरक तिथे आहे.

आणि निवृत्तीचं निघालंच आहे तर वर्ध्याचे जमनालाल बजाज आठवा. एवढा मोठा व्यापारी, रायबहादुरी परत केली, आणि शेवटच्या काळात गोपुरीला झोपडीत राहून गोसेवा करत बसले. निवृत्त व्हायला नागपूरपासून दीड-दोन तास पुरले.

वऱ्हाडी_ठेचा
ऐका काका, वर्ध्याले जा!

बर्डीवाली
मे महिन्यात वर्ध्याला झोपडीत? २०२४ मध्ये इथल्या एका यंत्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं ना.

रामटेककर
सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने नंतर सांगितलं.

बर्डीवाली
सेन्सर बिघडला होता, कूलरही बिघडला होता. मला सगळंच खरं वाटलं.

नर्मदा_तीर
जरा उलटा सूर लावते. नम्र साहेब हवाच कशाला? आधीच्या कंपनीत माझे साहेब देवमाणूस होते. सगळ्यांचं ऐकायचे. सकाळी माझं ऐकून निर्णय घ्यायचे, दुपारी विक्रीवाल्यांचं ऐकून तो बदलायचे. शेवटी एक अख्खं खातं बंद झालं, आणि बंद करतानाही ते प्रत्येकाशी इतकं गोड बोलले की कुणाला रागावताही आलं नाही. नंतरच्या बाई कडक आहेत, पण काय हवंय ते एकदा सांगतात आणि त्यावर उभ्या राहतात. मी रात्री शांत झोपते. काका, तुमचे एमडी 'मला काही कळत नाही' म्हणतात ते पहिल्या महिन्यात ठीक. सहाव्या महिन्यातही म्हणत असतील तर मला काळजी वाटेल.

जमाखर्च
नर्मदाताई, तसं नाही. कामात पक्के आहेत. किंबहुना थोडे जास्तच पक्के. मीटिंगमध्ये 'तुम्ही सगळे सांगा' म्हणतात, सगळे सांगतात, आणि मग जे आधीच ठरलेलं असतं तेच होतं, असं दोनदा वाटलं.

डॉ_रामदासपेठ
मग काका, औषध सोपं आहे. एकदा 'नाही' म्हणून बघा. मोठ्या बाबतीत, सगळ्यांसमोर, आणि तुम्ही बरोबर असाल अशा बाबतीत. आमच्याकडे मोठ्या सर्जनची परीक्षा तिथेच होते. ऑपरेशन चालू असताना नर्स म्हणाली, 'सर, गॉजची एक पट्टी मोजणीत कमी आहे,' तर तो ओरडतो की थांबतो? बाहेर पेशंटच्या नातेवाइकांशी तर सगळेच गोड बोलतात.

मेलबर्नची_मावशी
डॉक्टर, उत्तम. आता मला पहिल्या प्रश्नातलं जे राहून गेलं ते सांगू दे, कारण हा सगळा नम्रतेचा विषय इथे आल्यावर स्वतःवर येतो.

माझे सासरे पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते. गोंदियाकडे दौऱ्यावर गेले की विश्रामगृहात चहा कुठल्या कपात द्यायचा हे आधी ठरायचं. इथे आले तेव्हा वाचनालयाचं कार्ड काढायला मी घेऊन गेले. काउंटरवर विशीतला मुलगा. त्याने नाव विचारलं, यांनी सांगितलं. त्याला कळेना. परत सांगितलं. मग तो म्हणाला, हळू हळू एकेक अक्षर सांग, आणि 'यू आर डुइंग ग्रेट' असं वर. बाबा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, 'त्याचं चुकलं काहीच नाही, पण मला कुणी तरी पहिलीत बसवल्यासारखं वाटलं.'

पुढे ते रुळले. इथल्या सामुदायिक बागेत एका ग्रीक आजोबांच्या शेजारचा वाफा मिळाला. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नाही. मेथी, सांबार लावतात. पाण्याची पाळी कुणाची यावर भांडतात आणि ते भांडण पाटबंधारे खात्याच्या दर्जाचं असतं. सासूबाई मात्र नाहीच रमल्या. त्यांना फाटकाशी उभं राहून बोलायला कुणीतरी लागतं, आणि इथे दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या हिवाळा चुकवून दर वर्षी नागपूरला येतात. इथला हिवाळा म्हणजे तुमचा जून-जुलै, म्हणजे उन्हाळाही चुकतो. हुशार आहेत.

तेव्हा काका, काकूंना नुसतं 'मुलीकडे जायचं का' असं विचारू नका. 'तिथे मंगळवारी दुपारी काय करशील' असं विचारा.

बर्डीवाली
मावशी, हे मी प्रिंट काढून सासऱ्यांना देते.

वऱ्हाडी_ठेचा
मावशी, ग्रीक बुवाले सांबार म्हंजे कोथिंबीर हे कोनं समजावलं?

मेलबर्नची_मावशी
पुडाच्या वडीने. सात खाल्ल्या त्याने.

जमाखर्च
उशीर झाला, वर्षअखेरीची धावपळ होती. धागा वर काढतो.

डॉक्टरांचं औषध घ्यायची वेळ आपोआप आली. एक मोठी ऑर्डर महिनाअखेरीला तयार होती, पण माल गेटबाहेर गेला नव्हता. विक्रीवाल्यांचं म्हणणं, बिल याच महिन्यात दाखवा, तिमाही चांगली दिसते. साहेबांनी मान डोलावली. मी म्हटलं, जमणार नाही, माल गेला की बिल. खोलीत एकदम शांतता. साहेब म्हणाले, 'तुम्ही जरा जास्तच जुन्या पद्धतीने बघता.' त्यानंतर दोन दिवस कॉरिडॉरमध्ये नमस्कारही नाही. कॅन्टीनच्या रांगेत माझ्या पुढे चार माणसं सोडून उभे, वळूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल. त्यात लिहिलं होतं की ते बिल पुढच्या महिन्यात जाईल, हिशेब खात्याने अडवलं ते योग्य होतं आणि आपण घाई करत होतो. विक्रीप्रमुखाचं नाव कुठेही नाही. खरं तर ती कल्पना त्याचीच होती.

आणि हिंगणासाहेबांसाठी: पीएफ वेळेवर आहे. लहान पुरवठादारांची बिलं अजून साठ-पासष्ट दिवसांवर रेंगाळतात. मी यादी काढून टेबलावर ठेवली आहे. अजून काही झालेलं नाही.

हिंगणा_एमआयडीसी
दोन दिवस फुगून बसले म्हणजे माणूस खरा आहे. लगेच हसून 'थँक यू' म्हणाले असते तर मला शंका आली असती. पण यादीचं बघा. मेल लिहायला पैसे पडत नाहीत.

पुणेरी_पाटी
सहमत. हिंगणासाहेबांशी सहमत होण्याची वेळ माझ्यावर यावी!

नर्मदा_तीर
मला मेलपेक्षा विक्रीप्रमुखाचं नाव गाळलं ते आवडलं.

जमाखर्च
घरात असं ठरलं आहे. सल्लागारीला हो म्हटलं, पण दोन वर्षांऐवजी एक, आणि आठवड्यातून तीनच दिवस. साहेबांनी घासाघीस केली, मग मानलं. १४३ चा अर्ज टाकतो, रांग लागू दे. फ्लॅट विकत नाही. आधी व्हिजिटर व्हिसावर पुढच्या उन्हाळ्यात तीन महिने दोघं जाऊन येऊ. मावशींचा मंगळवारचा प्रश्न बायकोला विचारला. ती म्हणाली, 'आणि तुम्ही काय कराल?' त्यावर मी अजून विचार करतो आहे.

धंतोलीचा_सीए
चांगला निर्णय. तीन महिन्यांनी निवासी दर्जाला धक्का लागत नाही, एनआरओ वगैरे आत्ता काही करू नका. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या योजनेची, पेन्शन सुरू झाली की हयातीचा दाखला वर्षातून एकदा लागेल. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो, जाण्याआधी एकदा करून बघा.

मेलबर्नची_मावशी
या या! एकच सांगते, संत्रा बर्फी आणू नका. दुधाची मिठाई इथे विमानतळावरच काढून घेतात. बाकी जे काही खाण्याचं आणाल ते कार्डावर लिहा. लपवलं तर दंड घसघशीत असतो.

वऱ्हाडी_ठेचा
सावजी मसाला चालते काय?

मेलबर्नची_मावशी
दळलेला, कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तर सहसा चालतो. तरी लिहाच. आणि दोन पाकिटं जास्त आणा.